त्र्याऐंशी सह्या

फिलोमीना कीओ हिला गोड बोललेलं खपत नसे. मासळीच्या कारखान्यात तिनं एकवीस वर्षं कॉड कापला, आणि कोणी "कशी आहेस?" विचारलं की ती सुरी न थांबवता म्हणायची, "तू काय डॉक्टर आहेस?" चोविसाव्या वर्षी मनाचा आजार जडला तो एकसष्टीपर्यंत हलला नाही. गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, तीनदा इस्पितळ झालं. मधली काही वर्षं बरी गेली हेही ती कबूल करायची, कारण खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

शरीर असाध्य आजारी असेल तर डॉक्टरच्या हातून मरण मागायची सोय आमच्याकडे कधीच झाली. मनाच्या आजाराला ती मिळायची तारीख ठरली होती, आणि त्या दिवशी आपण अर्ज करणार हे फिलोमीनानं थोरल्या बहिणीला, लोरेटाला, सरळ सांगून टाकलं. लोरेटानं ते गावभर केलं. आमच्या गावात दार कोणी वाजवत नाही, थेट आत येतात. वाजवतो तो पोलीस, नाहीतर वाट चुकलेला. त्या आठवड्यापासून लोक फिलोमीनाचं दार वाजवू लागले. ती आतूनच शिव्या घालायची.

लोरेटा स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हे. "मनाच्या रुग्णांना उपचार द्या, मरण नको," असा अर्ज लिहून तिनं चर्चच्या हॉलमध्ये सह्या गोळा केल्या आणि कागद मिरवत बहिणीकडे आली.

"त्र्याऐंशी सह्या. सगळं गाव तुझ्या बाजूनं आहे."

"माझ्या बाजूनं? मग मला का नाही विचारलं?"

"तू आम्हांला हवी आहेस, एवढंही कळत नाही तुला?"

"कशाला? रविवारी बाकावर तुझ्याशेजारी जागा भरायला?"

पण तिनं कागदाची एक प्रत मागून घेतली. बहीण विरघळली, असं लोरेटाला वाटलं.

ओटावातल्या सरकारनं तारीख तीन वर्षं पुढे ढकलली. आधी उपचार पोचायला हवेत, म्हणे. हॉलमध्ये चहा-केक झाला. फिलोमीना दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मनोविकारतज्ज्ञाच्या यादीत नाव घातलं. बरी होईन म्हणता ना, मग करा बरी, असा तिचा हट्ट होता. आणि खरं सांगायचं तर त्या हट्टात थोडी आशाही होती.

चौदा महिन्यांनी पत्र आलं. मंगळवार, सकाळी अकरा, सेंट जॉन्स शहरातला दवाखाना. गाडीनं पाच तास. गोळ्यांमुळे ती गाडी चालवू शकत नव्हती, आणि भाड्याची गाडी तिच्या पेन्शनीत बसणारी नव्हती. तिनं सह्यांचा कागद काढला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

लिअँडर क्रिचचा खेकड्यांचा हंगाम चालू होता. ड्रोव्हरबाईंच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. कोणाला रस्त्यावर आडव्या येणाऱ्या मूस हरणांची भीती, कोणाचं गुडघ्याचं दुखणं. "पोरी, जरा आधी सांगायचंस," असं बाराजण म्हणाले; मंगळवारला अजून एकोणीस दिवस होते. प्रार्थना करू, असं तर जवळजवळ सगळेच म्हणाले. सह्या करणारे दोघे मधल्या काळात वारले होते. त्यांच्यावर तिचा राग नव्हता. लोरेटाचं नाव तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"मंगळवारी पत्त्यांचा डाव असतो गं, चर्चच्या छपराच्या वर्गणीसाठी," लोरेटा म्हणाली. "दुसरा वार नाही का देत?"

"देतील. आणखी चौदा महिन्यांनी."

"बघते काहीतरी."

मंगळवारी पहाटे पाचला फिलोमीना केस विंचरून, कोट घालून स्वयंपाकघरात बसली. गावात गाड्या चाळीस तरी असतील. सात वाजता आता वेळेवर पोचणं नाही हे तिला कळलं, तरी तिनं कोट काढला नाही. अकराला दवाखान्यानं तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि नाव पुन्हा यादीच्या तळाला टाकलं.

दुपारी लोरेटा डावातला उरलेला केक घेऊन आली.

"आलीससुद्धा? काय म्हणाला डॉक्टर? कोणी नेलं तुला?"

"कोणीच नाही," म्हणत फिलोमीनानं केक बाजूला सारला. तिच्या अंगावरचा कोट लोरेटाला तेव्हा दिसला.

"मला वाटलं, कोणीतरी नेईलच," लोरेटा पुटपुटली. "एवढी माणसं आहेत."

"सगळ्यांना तेच वाटलं असणार," फिलोमीना म्हणाली. "ओटावाची तारीख पुन्हा येईल, तेव्हा सह्यांचा कागद घेऊन माझ्याकडे येऊ नकोस."