आक्काला पाठ असलेला नंबर

ईटच्या बानूबाईला गावानं स्वच्छतेचं बक्षीस दिलं असतं, तर तिनं ते आधी ओल्या फडक्यानं पुसलं असतं आणि मगच घरात घेतलं असतं. नवरा शंभुलिंग जिवंत होता तोवर आल्यागेल्याला सांगायचा, आमच्या घरात धूळसुद्धा विचारून बसते. तो गेला, मुलगा योगीराज कर्ता झाला, दीपाली सून होऊन आली, बानूबाईनं सत्तरी ओलांडली. पण हातातलं फडकं काही सुटलं नाही. दीपालीनं पुसलेली फळी सासू पुन्हा पुसायची, आणि दीपाली बिचारी दुसरीकडं बघायची.

फडक्याखालोखाल तिच्या जिवाचं म्हणावं असं एकच होतं, संध्याकाळचा फोन. तो थोरल्या बहिणीचा असायचा. दोघींचं माहेर नळदुर्गाकडचं. थोरली पार्वती उमरग्याला दिली, तिथल्या कानडी बोलणाऱ्या घरात तिची पार्वतम्मा झाली. धाकटी बानू पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ईटला आली. भेटी लग्नकार्यापुरत्याच उरल्या. पुढं दोन्ही घरी फोन आले आणि दिवेलागणीला आक्कानं नंबर लावायचा, बानूनं उचलायचा, असा रिवाजच पडला. बोलणं तरी काय, भाजी कुठली केली, म्हशीनं दूध किती दिलं, गुडघा कसा आहे. तेच ते रोज बोलून दोघींचं पोट भरायचं.

गेल्या काही वर्षांत आक्काचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग नातवंडांची नावं. एक दिवस पोटचा मुलगा मल्लेश ट्रकवरून घरी आला, तर त्यालाच विचारलं, पाव्हणं कुठलं. सासरी जन्मभर बोललेली कानडीही गेली, माहेरची मराठी तेवढी तोंडात राहिली. पण सांज झाली की ती उठून फोनपाशी जायची आणि ईटचा नंबर न चुकता दाबायची. डॉक्टर मल्लेशला म्हणाले, ही सवय आहे तोवर जपा, खंड पडू देऊ नका. एकदा तुटली तर पुन्हा लागेल असं सांगता येत नाही.

हे कळल्यापासून बानूबाई दिवेलागणीला घराबाहेर पडली नाही, मग गावात लग्न असो की कीर्तन. दीपालीनं एकदा फारच आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, "आक्काच्या डोक्यात आता म्या एकलीच ऱ्हायलेय. मला तिथनं हलायचं न्हाय."

रस्त्याच्या खोदकामात फोनची जुनी तार तुटली, तेव्हा योगीराज म्हणाला होता, फोनच काढून टाकू, घरात मोबाइल आहेत की. बानूबाई दोन वेळा जेवली नाही. मग योगीराजनं फायबर घेतलं, नंबर तोच ठेवून. भिंतीवर पांढरा डबा आला, त्यात हिरवे दिवे, आणि त्या डब्यातून निघालेली वायर जुन्याच फोनला. संध्याकाळी घंटी वाजली, आक्काचा आवाज आला, आणि बानूबाईनं डब्यापुढं नारळ फोडायचा तेवढा बाकी ठेवला.

यंदा घट बसायच्या आधी तिनं नेहमीप्रमाणं दसरा काढला. दसरा काढणं म्हणजे सगळं घर उपसणं. वाकळा, भांडी, पत्र्याचे डबे, सगळं अंगणात, आणि धुऊन वाळवून परत जागच्या जागी. दीपाली वाकळा धुवायला ओढ्यावर गेलेली, योगीराज रानात. बानूबाईचं लक्ष भिंतीवरच्या डब्याकडं गेलं. वर्षभराची धूळ होती. तिनं फोनची वायर काढली, डबा पुसला, फोन पुसला, वायरसुद्धा चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली आणि परत बसवली. पिन आत गेली. कुणाला न विचारता जमलं म्हणून तिला मनातून बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. तिनं रिसीव्हर कानाला लावला, तर एरवी येणारा आवाजही नव्हता.

योगीराजनं येऊन पाहिलं. डब्यातले दिवे हिरवे, मोबाइलवर इंटरनेट चालू. स्वतःच्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला, तर त्याच्या कानात घंटी वाजत होती आणि समोरचा फोन मुका. लाइन चांगली आहे, फोन बिघडला, असा निकाल त्यानं दिला. दुसऱ्या दिवशी भूमच्या बाजारातून नवा फोन आणला. तोही मुका. दीपालीनं तक्रारीच्या नंबरावर विचारलं, त्यांनी डबा बंद करून चालू करायला सांगितला. तो किती वेळा बंद-चालू झाला ते विचारू नका. फायबरचं काम बघणारा महारुद्र तर देवीची ज्योत आणायला पोरांबरोबर तुळजापूरला गेला होता. ज्योत पळत आणायची, तेव्हा मध्येच तो यायचा नव्हता.

दीपालीच्या मोबाइलवरून उमरग्याला फोन लावायचे प्रयत्नही झाले. दिवसा मल्लेशची बायको उचलायची आणि सासूच्या कानाला रिसीव्हर लावायला जायची. पण आक्का हात झटकायची. आत्ता न्हाय, बानू सांजंला असते, म्हणायची. आणि सांजेला लावावा तर फोन सारखा एंगेज, त्या घरातला एकुलता मोबाइल मल्लेशबरोबर ट्रकवर. बानूबाईला त्यातच आधार वाटायचा. एंगेज आहे म्हणजे आक्का नंबर लावतेय, म्हणजे आठवतोय तिला. मला उमरग्याला नेऊन सोड, असं तिनं योगीराजला म्हणून पाहिलं, पण घरात घट बसलेला, रानात सोयाबीन काढणीला आलेलं. दसरा होऊ दे, तो म्हणाला.

तिसऱ्या माळेला महारुद्र आला, नवरात्राचा अनवाणी, कपाळाला मळवट. त्यानं डब्याखाली वाकून पाहिलं, एक पिन काढली आणि शेजारच्या भोकात घातली. फोन उचलला, तर आवाज सुरू.

"काकू, फोनची वायर इंटरनेटच्या भोकात होती," तो म्हणाला. "तिथं पण बसते ती. बसली म्हणजे लागली असं न्हाय."

योगीराज दीपालीकडं वळला आणि डब्याला हात कुणी लावला म्हणून विचारू लागला. दीपाली काही बोलायच्या आत बानूबाई म्हणाली, "म्या लावला. दसरा काढताना."

महारुद्रला चहा दिला, तो गेला. बानूबाई फोनपाशी बसून राहिली. आपल्या हातांची तिला आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली. इतक्या संध्याकाळी उमरग्यात आक्काच्या कानात घंटी वाजत राहिली असणार, आणि इथं बानू मुक्या फोनशेजारीच बसलेली. पण आता लागला ना, असं तिनं स्वतःला समजावलं. आता सांज होऊ दे.

सांज झाली. दीपालीनं घटापुढचा दिवा सारखा केला, तेल घातलं. फोन वाजला नाही. अंधार पडला तशी बानूबाईनं स्वतःच उमरग्याचा नंबर लावला. आज एंगेज नव्हता. पहिल्या घंटीतच मल्लेशनं उचलला. हैदराबादची फेरी करून तो दुपारीच परतला होता, बायकोकडून सगळं ऐकलं होतं. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. आई रोज नंबर लावायची, कुणी उचललं नाही की पुन्हा लावायची, रिसीव्हर सोडायची नाही. काल अर्धा नंबर दाबून थांबली, आणि बोट तसंच धरून रडली. आज फोनकडं गेलीच नाही. उलट हे काय आहे म्हणून विचारत होती.

"तिच्या कानाला लाव," बानूबाई म्हणाली.

पलीकडं बांगड्यांचा आवाज आला, मग श्वास.

"आक्का, म्या बोलतेय."

आक्का परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, "कुठनं बोलताव, बाई?"

बानूबाईच्या तोंडून आपलं नाव निघेना. तिनं एवढंच सांगितलं, "ईटहून."

"ईटला माझी धाकटी बहीण दिलीय," आक्का म्हणाली. "लई फोन लावला तिला. वाजतोय, पर ती उचलत न्हाय. माझ्यावर रुसली असंल. तुमाला दिसली तर तेवढं सांगाल का, आक्का वाट बघून थकली म्हणून?"

दीपालीनं दारातून पाहिलं. सासूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि दुसऱ्या हातानं रिसीव्हर कानाशी दाबून धरला होता. मग तिनं पदर बाजूला केला.

"सांगते," बानूबाई म्हणाली. "दिसली की सांगते."