खंडेनवमीची खाट

आमच्या घरात खाट नव्हती. एक बाज होती, ती परड्यात, मिरच्या वाळवायला. माणसं जमिनीवर झोपायची, घोंगडं आणि त्यावर वाकळ. खाटेवर फक्त आजारी माणूस झोपतो, असं मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं ठाम मत. उमेदीची वर्षं त्यांनी पलटणीत काढली होती. तिथं ते खाटेवरच झोपत असणार, पण गावी आल्यावर ही गोष्ट त्यांनी कधी कबूल केली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. माझे मालक फौजेत, लांब सरहद्दीकडं, त्यामुळं घरात आम्ही तिघंच: मामंजी, आत्याबाई आणि मी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या श्रावणात त्या न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यात हाडात सळई घातली. घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं, यांना जमिनीवर बसू द्यायचं नाही, झोपू द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही. उंच खाट हवी आणि ती घट्ट हवी. पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत.

आता त्यांना न्यायचं कुठं, हा प्रश्न उरला. धाकटे भावजी माधवनगरला गिरणीत होते. त्यांच्या भाड्याच्या खोलीत खाट होती. आईला दिवाळीपर्यंत माझ्याकडंच ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. आत्याबाईंचं म्हणणं एकच, "दसऱ्याला मी माज्या उंबऱ्याच्या आत असणार." भावजींच्या खोलीचा जिना त्यांनी एकदा पाहिला होता, तेव्हापासून त्या त्याला शिडी म्हणायच्या. खरं सांगायचं तर मलाही त्या घरी हव्या होत्या. त्यांच्याशिवाय घर खायला उठत होतं. मामंजी दिवसभरात बोलायचे ते 'च्या दे' आणि 'म्हस पिळली का', एवढंच. मी भावजींना सांगितलं, तुम्ही खाट तेवढी आणा, बाकीचं माझ्यावर सोडा.

खाट आली ती खंडेनवमीला, दुपारच्या एसटीच्या टपावरून. सांगलीच्या दुकानात अशा लोखंडी खाटा सुट्या भागांत मिळायच्या. उशाकडची बाजू उंच, पायथ्याकडची ठेंगणी, दोन लांब कडा, त्यावर टाकायच्या पट्ट्या आणि आवळायला नटबोल्ट. भावजींनी गठडं सोप्यात टेकवलं, पाणी प्यायले आणि लगेच परतीची गाडी धरायला निघाले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून आईला मिरजेहून आणायचं होतं. जाता जाता म्हणाले, "वहिनी, सकाळी मी आदी आत येऊन खाट हलवून बगणार. घट्ट न्हाई दिसली, तर आईला जीपमधनं उतरवणार न्हाई. तशीच माधवनगरला नेणार."

"बगा की," मी म्हटलं.

गठड्याचा काथ्या सोडला. लांब कडा ठीक, पट्ट्या ठीक. मग दोन्ही बाजू भिंतीला टेकवून ठेवल्या आणि बघत राहिले. दोन्ही उशाकडच्या. दोन्ही माझ्या कमरेच्या वर येणाऱ्या, दोन्हींवर तीच वेलबुट्टी. ठेंगणी बाजू सांगलीतच राहिली होती. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी दोन पायथ्यांची खाट पोचली असणार, आणि तिथली सूनही अशीच बघत बसली असणार. मला एकटीलाच हसू आलं. कडा लावून बघितल्या, भोकासमोर भोक येत होतं. म्हटलं, दोन डोक्यांची तर दोन डोक्यांची, उभी राहिल्याशी कारण.

मग बोल्ट शोधायला लागले आणि हसू पळालं. गोणपाट झटकलं, सोपा झाडून काढला, फाट्यापर्यंतची वाट डोळे खाली घालून चालून आले. नाहीत म्हणजे नाहीत. दुकानदाराला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावात बोल्टांना काय तोटा, असं वाटलं होतं. घरोघर नांगर, विहिरीविहिरीवर इंजिन. भोकात घट्ट बसेल अशी एरंडाची काडी मोडून घेतली, तेच माप, आणि निघाले. पण दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड घासूनपुसून देवापुढं मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. दसऱ्याला ती फुलं उतरेपर्यंत त्या लोखंडाला कामाचा हात लावायचा नाही. सायकलच्या दुकानात पाने आणि हातोड्या ओळीनं पाटावर बसल्या होत्या. लोहाराच्या ऐरणीवर फुलांचा ढीग. शेजारच्या मळ्यातल्या इंजिनालाही माळ. जो तो म्हणे, उद्या ये. सायकलवाला तर वर म्हणाला, "आगं, आजच्या दिवशी लोखंड मागाया कोण येतं व्हय?"

"जिची सासू खुबा मोडून पडलीया, ती येती," मी म्हटलं आणि माघारी फिरले.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. देव्हाऱ्यापुढं दिवा लावायला वाकले. आमचीही पूजा मांडलेली होती. नांगराचा फाळ, पहार, विळे, खुरपी, पाना, मामंजींनी पलटणीतून आणलेली कुकरी. आणि सगळ्यांच्या पुढं, ताम्हणात, राखेनं घासून लखलखीत केलेले माझे नटबोल्ट. एकेकावर कुंकवाचं बोट.

भावजींनी ते रुमालात बांधून सोप्यातल्या कोनाड्यात ठेवले होते आणि गाडीच्या घाईत सांगायला विसरले होते. त्याच कोनाड्याखाली मामंजींनी सकाळपासून घरातलं लोखंड गोळा केलं होतं.

"मामंजी, हे बोल्ट खाटंचं हाईत," मी म्हटलं.

"आसत्याल. मला वाटलं नांगराचं."

"मग द्या की मला. आन त्यो पाना बी."

"पूजंतलं उचलायचं न्हाई. उद्या फुलं उतरली की घे."

"त्याच्या आदी जीप यील."

"थांबंल जीप."

"भावजी थांबायचं न्हाईत. आत्याबाईस्नी घेऊन जात्याल."

मामंजी तंबाखू मळत राहिले. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "बरं," म्हटलं. सुनेनं असं 'बरं' म्हटलं की सासऱ्यानं सावध व्हावं.

गोठ्यातून बैलांचे कासरे आणले. कासरा काही लोखंड नव्हे, त्याला पूजा नाही. माझं माहेर कोरेगावकडचं. बाजाराच्या गाडीवर घेवड्याची पोती आवळायला वडिलांना मीच मदत करायचे, त्यामुळं गाठी मला येतात. बोल्टाच्या भोकांतून दोर ओवून चारी कोपरे आवळले. सांध्यांत बांबूच्या चिपा ठोकल्या, त्याही दगडानं. खाट उभी राहिली. वर बसले तर पाळण्यासारखी झुलायला लागली. सोडलं, पुन्हा आवळलं. तळहात सोलवटले. पुन्हा बसले, पुन्हा झुलली. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, पण मामंजींसमोर रडायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. तिसऱ्यांदा दोर सोडला.

मामंजी इतका वेळ खांबाला टेकून बघत होते. माझा दोर आवळून झाल्यावर ते म्हणाले, "सर बाजूला." आणि स्वतः खाटेवर बसले. एका अंगाला कलले, म्हातारं माणूस उठताना कलतं तसं. खाट करकरली, एक कडा दोरातून निसटली आणि त्यांनी घाईनं भिंत धरली.

"ती हितनं पडंल," ते म्हणाले.

"व्हय, पडतील," मी म्हटलं.

ते उठले. परड्यात जाऊन हातपाय धुऊन आले. देव्हाऱ्यापुढं बसून हात जोडले. ते पुटपुटत होते त्यातलं एवढंच मला ऐकू आलं, "चूक माजी. तिच्यावर काडू नगं." मग त्यांनी ताम्हण उचललं, पान्यावरची फुलं उतरून फाळावर ठेवली आणि दोन्ही घेऊन खाटेपाशी आले.

मी कडा उचलून धरली, ते बोल्ट सारून नट फिरवायला लागले. एका कोपऱ्याचा जरा आवळला की लगेच समोरच्या कोपऱ्याकडं जायचे, परत फिरून पहिल्याकडं यायचे. हात सरावाचा होता.

"पलटणीत खाटा हुत्या वाटतं?" मी विचारलं.

"गप धर," ते म्हणाले.

सकाळी जीप आली. भावजी तरातरा आत आले, खाट गदागदा हलवली, मग खाली बसून चारी कोपरे बघितले. "दोनी बाजू उशाच्याच?" म्हणाले. मी म्हटलं, "दुकान तुमी बगितलं, मी न्हाई." ते आईला आणायला बाहेर गेले.

आत्याबाईंना आम्ही दोघांनी धरून आणलं आणि खाटेवर बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी गादी चाचपली, मग पायथ्याची ती उंच बाजू धरली आणि कुणी आधार द्यायच्या आत हळूहळू उभ्या राहिल्या. ठेंगणी बाजू आली असती, तर त्यांना धरायला काही नव्हतं. त्या पुन्हा बसल्या तेव्हा त्यांची नजर बोल्टांवर गेली. कुंकू तसंच होतं.

"ह्यास्नी कुकू कुणी लावलं?"

"मी," मामंजी म्हणाले.

"आन पूजंतनं उचललं कुणी?"

"मीच."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की मी चहाचं निमित्त करून आत गेले.

संध्याकाळी मामंजी शिवेवरून सोनं घेऊन आले. दर दसऱ्याला मी आरती ओवाळायचे, आत्याबाई आपट्याची पानं घ्यायच्या आणि वाकून त्यांच्या पाया पडायच्या. सवयीनं त्या त्या दिवशीही वाकायला गेल्या. मामंजींनी त्यांचा खांदा धरला. "वाकायचं न्हाई. डाक्टरनं सांगितलंय," म्हणाले, आणि पानं त्यांच्या ओंजळीत ठेवली.

त्या घरात मी नवराबायकोला एका पातळीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीवर, तर त्या जोत्याशी, खाली. लग्नाच्या पाटानंतर ते दोघं शेजारी कधी बसले असतील, असं मला वाटत नाही. मामंजींनी फेटा काढून खुंटीला लावला. मी समोर आरतीचं ताट घेऊन उभी, भावजी दारात. आम्हा दोघांच्या देखत ते खाटेवर आत्याबाईंच्या शेजारी बसले.

"घट्ट हाय," आत्याबाई म्हणाल्या.