चिकाचा पहिला हात

बेळगावजवळच्या मच्छे गावाच्या पुढं आमचं गाव. पुरुषमाणसं कारखान्यात कामाला आणि बायकांच्या दारात दुभत्या शेळ्या. एरवी शेळीच्या दुधाला नाकं मुरडणारे बेळगावकर डेंग्यूची साथ आली की तेच दूध शोधत दारात येतात. तेव्हा आमचा काय तोरा असतो म्हणून सांगू!

पण गावात खरा मान होता तो अंबुबाईला. साठी उलटलेली, बुटकी, तोंडानं फटकळ. शेळी व्याली की चिकाची पहिली धार तिनंच काढायची, असा रिवाज. तिच्या हाताला गुण आहे, ती बसली की कास भरते, असं सगळे मानायचे. बोलावणं नारळ आणि पानसुपारी घेऊन जायचं. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायची. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना तिनं हात धुवायचे नाहीत, धुतले तर गुण पाण्याबरोबर जातो. पदराला पुसायचे आणि बसायचं. हे कुणी ठरवलं देव जाणे. मला विचाराल तर तिच्या सासूनं, पाणी आणायच्या कंटाळ्यानं.

यंदा दिवाळीच्या आधी तिच्या दिराच्या, मष्णूच्या, शेळीला दगडी झाली. कास गरम, टणक, दुधात गाठी. अंबुबाईनं नासकं दूध पिळून काढलं, शेळीला उतार पडला आणि तिचा मान आणखी वाढला. मग राजाबाईची शेळी व्याली. चिकाला अर्थातच अंबुबाई. थोड्याच दिवसांत त्या शेळीचीही कास दगड झाली. दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या आणि पुन्हा अंबुबाईलाच बोलावलं. जितक्या शेळ्या आजारी पडल्या, तितकी ती जास्त हिंडली. शेवटी पाळी आली नुकत्याच व्यालेल्या भुरीवर, तिचाही चीक अंबुबाईनंच काढलेला. भुरी माझ्या जावेची, मंगलची. गल्लीत तिच्याएवढं दूध कुठलीच शेळी देत नव्हती.

मंगलनं मात्र ओवाळत न बसता बेळगावहून जनावरांच्या डॉक्टर ऋचाबाईंना बोलावलं. त्यांनी सडात औषध सोडलं. एक सड वाचेल, दुसरा गेला, म्हणाल्या. मग विचारलं, "धार कोण काढतं?"

"चिकाची पयली धार अंबुबाईच! दगडी झाली तरी तीच!" जमलेल्या सगळ्यांनी अभिमानानं सांगितलं.

"सगळ्यांच्याच शेळ्यांची?"

"व्हय की!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हा रोग सडावरून हाताला लागतो आणि त्या हातानं दुसऱ्या शेळीला जातो. प्रत्येक शेळीआधी साबणानं हात धुवा. आजारी शेळीची धार सगळ्यात शेवटी काढा."

मष्णू तडकला. "म्हंजे आमच्या वैनीच्या हातानं रोग आला म्हंतासा? अख्खं गाव त्या हाताचं दूध प्यालंय!"

अंबुबाई आपल्या तळव्यांकडं बघत होती. "गप रं मष्णू," ती म्हणाली. "आदी तुझ्याकडं, मग राजाबाईकडं, मग हितं. मी ज्या वाटंनं गेलते, त्याच वाटंनं रोग आलाय."

ती उठली आणि घरी गेली. भुरीचा सड गेला म्हणून मला तिचा राग आला होता, पण तिची ती पाठ बघून तो टिकला नाही.

त्यानंतर ती कुणाच्या शेळीला शिवली नाही. बोलवायला आलेल्याला "दुसरं कोण तर बगा" म्हणून परत लावून द्यायची. स्वतःच्या शेळीची धारसुद्धा सुनेला काढायला लावली. लोक हात धुवायला लागले, दगडी आटोक्यात आली, आणि गुणाच्या हाताचं नाव निघेनासं झालं.

संक्रांतीच्या सुमारास मंगलची दुसरी शेळी व्याली. मंगलनं ताट भरलं, वर टॉवेल झाकला आणि मला घेऊन अंबुबाईच्या दारात गेली.

"माझा गुण गेला गं," अंबुबाई आतूनच म्हणाली. "भुरीचा सड माज्याच हातानं गेला."

"व्हय, गेला," मंगल म्हणाली. "दुकत न्हाय व्हय मला? लई दुकतंय. तरीबी आलोय न्हवं आम्ही?" तिनं टॉवेल काढला. नारळ आणि पानसुपारीशेजारी साबणाची कोरी वडी होती.

अंबुबाई उंबऱ्यापर्यंत आली. तिनं दोन्ही हात पुढं केले. मंगलनं दारातल्या बादलीत तांब्या बुडवला आणि तिच्या हातावर पाणी घातलं.