मामांनी उचललेलं गीत

म्हातारपण माणसाला घरी बसवतं म्हणतात. माझ्या बायकोच्या मामांकडे आलेलं म्हातारपण मात्र स्वतःच दमून घरी बसलं असावं, कारण मामा कधी घरी सापडत नाहीत. वय शहाऐंशी. दौंडला रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. रोज चार वाजता काठी घेऊन निघतात. कुठं निघालात म्हटलं की उत्तर येतं, "म्हाताऱ्या माणसांना भेटाय." ही म्हातारी माणसं सत्तरीच्या आतबाहेरची. त्यांच्या खाटेशी बसून मामा शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचतात, तोही इंजिनावर मात करायची सवय झालेल्या आवाजात, त्यामुळे शेजारच्या दोन घरांनाही तो मिळतो. जेवणाआधीची प्रार्थना तर विचारूच नका. तिच्यात चर्चचे पाळक, नातवंडं, भाकरी थापणारी, गॅसची टाकी आणणारा, भांडगावला आमच्या गाडीचं पंक्चर काढणारा, सगळे येतात. आमेन होईपर्यंत पिठल्यावर साय धरते.

पण मामांचा खरा मान चर्चमधला. गीताचा पहिला सूर उचलायचा तो मामांनीच, गेली पन्नास वर्षं. पेटी त्यांना मागून गाठते. आताशा कान पार गेले, पाळकांनी पुकारलेला गीताचा आकडा ऐकू येत नाही, म्हणून ते गीतांच्या पुस्तकात आदल्या दिवशीच खूण घालून ठेवतात. गेल्या कापणीच्या सणाला वेदीपुढे कांदे, बाजरीची कणसं, भोपळे, एक जिवंत कोंबडी असं सगळं मांडलं होतं, आणि मामांच्या पुस्तकातली खूण मात्र गुरुवारच्या दफनविधीचीच राहिली होती. मामांनी डोळे मिटून मयताचं गीत उचललं. आमच्याकडे ते उभं राहून म्हणतात. सगळे क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, मग अख्खी मंडळी उठली आणि भोपळ्यांना शेवटचा निरोप देत पाचही कडवी म्हणाली. कुणी हसलं नाही. कोंबडीही गप्प होती.

हे, आणि आता सूर दुसऱ्या कुणी उचलावा हेही, मामांना सांगायचं कुणी? पाळकांनी जावई म्हणून मला गाठलं. नेमका चुकीचा माणूस निवडला. शिक्रापूरच्या कंपनीतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं, पण माझ्या जागी आलेल्याचं नाव आमच्या घरात अजून काढता येत नाही. मामांकडून गाणं काढून घेतलं तर त्यांच्यापाशी उरेल काय, या धास्तीनं मी आधी दोन कप चहा घेतला. शेवटी कानाशी ओरडून सांगितलं.

"मयताचं?" मामा म्हणाले. "आन् समदी उभी राह्यली?"

"सगळी."

मामा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून त्यांनी गीतांचं पुस्तक जवळ ओढलं आणि त्यातली खूण काढून ठेवली.

"जावईबापू, इंजिन दुसऱ्याच्या हाती देताना म्या रडलो न्हाई," ते म्हणाले. "हे जड जातंय. पर देवानं गळा दिला तवा कुठं म्हनला व्हता, जलमभर तुझाच ऱ्हाईल?"

पुढच्या रविवारी त्यांनी पाळकांच्या नव्या सुनेच्या हाती स्वतः पुस्तक दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तीही चक्क थोडक्यात, आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. पोरीनं घाबरून सूर फार वर लावला. दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले आणि गाणं थांबलं. तेव्हा मामा काठी टेकत उभे राहिले आणि हातानंच तिला म्हणाले, म्हण, पुन्हा म्हण. मग मी उभा राहिलो, मग पुढचे बाक. आपल्याला असं म्हातारं होता यावं, असं त्या दिवशी फार मनापासून वाटलं. मामांना गाणं थांबलेलं ऐकूच आलं नव्हतं. त्यांना फक्त त्या पोरीचा पडलेला चेहरा दिसला होता.