जी चावी समोर नाही

मुलुंड स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे मी कैक वर्षं जातोय, पण नाव कधी विचारलं नाही. सगळे मास्टर म्हणतात. बोलताना तो माणसाकडे बघत नाही, चावीकडे बघतो, आणि प्रत्येक चावी आधी शर्टाला पुसतो.

आमच्या जुन्या गाडीची स्पेअर चावी करायला गेलो, तेव्हा त्याने गाडीला मशीन जोडून विचारलं, "घरातल्या सगळ्या चाव्या आणल्यात ना? जी समोर नसेल, तिला गाडी विसरते. मग तिने चालू नाही होणार."

"ठाऊक आहे. म्हणूनच बाबांची घरी ठेवलीय. त्यांना परतीचा रस्ता आठवत नाही, तरी गाडी काढतात. परवा एक बाई थोडक्यात वाचली."

घरात कॉलेज केलेला मी पहिला, म्हणून असले निर्णय माझ्याकडेच येतात.

त्याचा हात थांबला. "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

त्याने बटण दाबलं. नवी चावी पुसून दिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"माझ्या बापाचीपण मीच बंद केलेली. रोज सकाळी गाडीत बसून चावी फिरवायचा. म्हणायचा, बॅटरी गेली रे, बदल."

"मग?"

"बदलली ना. चांगली बॅटरी, दोनदा. त्याच्यासमोर."