करुणाने लपवलेलं रक्त

"ॲप्लास्टिक ॲनिमिया," डॉक्टर म्हणाले. मला काही कळलं नाही हे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. हाडांच्या आतला मगज रक्त तयार करतो. करुणाच्या मगजाने ते काम जवळजवळ बंद केलं आहे. कारण सापडत नाही.

सांगलीच्या दवाखान्यात हे ऐकलं तेव्हा माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती. साल पंचाहत्तर.

त्याआधी तिच्या दंडावर काही न लागताच काळेनिळे डाग उठत होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. आमच्या मलकापुरात अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं, आम्ही वर गूळ-शेंगदाणे चारले. तुमच्या घरात कुणाला असे डाग दिसले तर टॉनिकवर थांबू नका. रक्त तपासून घ्या.

बोन मॅरोच्या तपासणीत छातीच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढून काढतात. करुणा ओरडली नाही, पण माझ्या मनगटावर तिची नखं उठली. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला लाल करणारा घटक, बारा हवं ते चार होतं. माझ्या मेहुण्याच्या ओळखीने तालमीतली पोरं रक्त द्यायला आली. बाटल्या चढल्या, आकडा आठ झाला, तिच्या गालांवर रंग आला.

"बाबा, पैलवानाचं रक्त चढलंय," ती म्हणाली. "आता मला कुस्तीला उतरवा."

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हे उसनं रक्त आहे. तिचं स्वतःचं तयार होतंय का, ते अजून कळायचंय. हिरडीतून रक्त आलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी घेऊन या."

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. गाडीचं वजन वजा केल्याशिवाय उसाचं वजन सांगता येत नाही, एवढं मला कळतं. पण आमच्या चर्चच्या मंडळीला आठ हा आकडा पुरला.

आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस दुखण्यातून उठलं की रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर देवाचे आभार मानतात. त्याला उपकारस्तुती म्हणतात. पाळकसाहेबांनी लगेच रविवार ठरवला.

"साहेब, ते रक्त बाटलीचं आहे," मी म्हणालो. "थोडं थांबू या."

"देवाच्या कामाला काटा लावू नका," ते हसून म्हणाले.

शेजारच्या सगुणाबाईंनी तर मला झापलंच. "आवं, पोरगी ताटावर बसून जेवली की! आन तुमी सुतकी तोंड करून काय बसलाय?"

करुणा उभी राहिली. देवाने मला बरं केलं, असं सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. तिची आई रडली, आनंदाने.

पुढच्या आठवड्यात ती मान वळवून बोलू लागली. मला वाटलं, लाजते आहे. मग एकदा तिच्या उशीखाली फडकी सापडली, रक्ताने कडक झालेली. अंग तापलं होतं.

"कवापासून?" मी विचारलं.

"रविवारपासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"सगळ्यांसमोर साक्ष दिली ना, बाबा. आता येतंय म्हटलं तर देव खोटा पडेल. माझाच विश्वास कमी पडतोय."

आम्ही मिळेल त्या गाडीने सांगली गाठली. हिमोग्लोबिन साडेतीनवर आलं होतं. पुन्हा बाटल्या लावल्या, पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. लवकर आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते खरं बोलले. "वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण एवढे दिवस ती एकटी घाबरून राहिली नसती."

मातीला आलेल्या एका गृहस्थाने सांगितलं, देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं. मी म्हणालो, "मग फूल न्यायचं. माझं लेकरू कशाला?" लोकांनी मला बाजूला नेलं.

पाळकसाहेब नंतर घरी आले, देवाची इच्छा म्हणाले. मी त्यांना फडक्यांची गोष्ट सांगितली. "मरणाऱ्या पोरीला तुम्ही असला देव दिलात," मी म्हणालो, "की त्याची अब्रू राखायला तिने स्वतःचं रक्त लपवावं." ते चहा न घेता गेले.

माझा राग त्यांच्यावर संपत नाही. तो देवावरही आहे, आणि हे मी चारचौघांत सांगतो. लोक म्हणतात, तुमचा विश्वास उडाला. उडाला असता तर मी कुणावर रागावलो असतो? देव न्यायी आहे असं मी लहानपणापासून मानत आलो. म्हणूनच त्याच्याकडे न्याय मागतो. मात्र एका मुलीच्या हिरडीतल्या रक्ताने खोटा पडेल इतका तो हलका नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याला एवढं सांगा: दुखतं तेव्हा दुखतं म्हण, देवाचं आम्ही बघून घेऊ.

मी रोज सकाळी प्रार्थनेला बसतो. आभार मानत नाही. तिचं नाव घेतो, आणि म्हणतो, उत्तर दे. त्याने अजून दिलेलं नाही. मी उठून कामाला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. मी त्याला सोडलेलं नाही, आणि सुटूही देणार नाही.