सर्वानुमते मंजूर

फिरायला. हा शब्द काढला की मांडवगण फराट्याच्या आमच्या घरात सगळ्यांचे घास हातातच राहायचे. शिकायला जाते म्हणाले असते तर पेढे वाटले असते. नवऱ्यामागं जाते म्हणाले असते तर अख्खी भावकी सोडायला आली असती. पण पोरगी बी.एस्सी. झाली, कंपनीत क्वालिटीला लागली आणि स्वतःच्या पगारातून जपान बघायला निघाली म्हटल्यावर, "बघायला म्हंजी? तिथं काय हाय?" अरे, काय हाय तेच बघायला जायचंय ना! तिकडची माणसं आमच्या कंपनीत येतात, टोप्या घालून आमची लाइन बघतात, फोटो काढून जातात. त्यांना कुणी विचारत नाही, इथं काय हाय म्हणून.

चूक माझीच. पगाराचं खातं कंपनीनं उघडून दिलं होतं. शिल्लक कुठं टाकायची तेवढंच मला ठरवायचं होतं. शिरूरच्या एका बँकेचा फॉर्मही आणला होता. पण आमच्याकडं बँक व्याज बघून निवडत नाहीत, भावकी बघून निवडतात. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, गावातल्या पतसंस्थेचे चेअरमन. म्हणाले, "घरची संस्था असताना तू परक्याच्या दारात जाणार? लोकं म्हणतील, चेअरमनच्या पुतणीचाच भरवसा न्हाई." मी गप सभासद झाले. पेन्सिलीनं जिथं जिथं फुल्या केल्या होत्या, तिथं तिथं सह्या ठोकल्या. वाचलं? डोंबलाचं वाचलं! कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते मी.

दोन वर्षं पैसे टाकत गेले. मैत्रिणी नवे फोन घेत होत्या, मी जुन्याच्या काचेला टेप लावत होते. मग व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटनं सांगितलं, पैसे बँकेत, तुमच्या एकटीच्या नावावर, सहा महिने दिसले पाहिजेत. पैसे काढायला पतसंस्थेत गेले. मॅनेजर म्हणाला, "ताई, आप्पांची सही लागंल. खातं दोघांचं हाय. पहिलं नाव त्यांचं हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आप्पांकडं गेले. ते शांतपणे सुपारी कातरत होते. "लग्नाला लागतील. तुझंच भलं बघतोय." वडिलांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "थोरले हायती. मी काय बोलू?" अजून त्या वाक्याचा राग येतो मला.

त्याच महिन्यात संस्थेची वार्षिक सभा होती. ही सभा ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे. आप्पा एकेक विषय वाचतात आणि वाक्य संपायच्या आत सगळे ओरडतात, "मंजूर! मंजूर!" कारण मागं जेवणाची पातेली उघडलेली असतात. शेवटी आप्पांनी रीतीप्रमाणं विचारलं, "ऐनवेळचा काय विषय?" हे विचारायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. मी उठले.

एका दमात म्हणाले, "माझ्या खात्यावरचं आप्पांचं नाव काढा आणि माझे पैसे मला द्या. मला जपान बघायला जायचंय." आप्पा "बस खाली" म्हणायला तोंड उघडतात न उघडतात तोच मागच्या भुकेल्या रांगांतून आवाज आला, "मंजूर!" मग सगळीकडून, "मंजूर! मंजूर!" एकानंही ऐकलं नव्हतं मी काय बोलले ते! सचिवानं सवयीनं लिहूनही टाकलं, सर्वानुमते मंजूर. तेवढ्या सभासदांपुढं आता शब्द फिरवायचा कसा? आप्पांनी सोमवारी सही केली, माझ्याकडं न बघता.

मंगळवारी शिरूरला जाऊन खातं उघडलं. या खेपेला फॉर्मची ओळ न् ओळ वाचली. तिथल्या बाईंनी मी कुणाची कोण ते विचारलं नाही, इतकं बरं वाटलं. आता सहा महिने थांबायचं.

पण सभेच्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटत होते. पैसे मिळणार होते, तरी आपटत होते. म्हटलं, जेवणासाठी ओरडले सगळे. एवढ्या माणसांत माझं म्हणणं कळून हो म्हणणारं एकसुद्धा नव्हतं.

आई भाकरी थापत होती. मागं बायकांच्या रांगेत बसली होती ती. मान वर न करता म्हणाली, "म्या हात वर केला व्हता की. तू बोलाय लागलीस तवाच. तुला दिसला न्हाई व्हय?"

नव्हता दिसला. मी मागं वळून बघितलंच नव्हतं.